पुसलेली पत्रं जेव्हा परत येतात

ईमेलच्या विषयात मध्य प्रदेशातल्या ‘लोधीखेडा’ गावाचं नाव एवढंच लिहून स्वतःलाच पाठवा. मग लिनक्सवर थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रामने ते पत्र ज्या फाइलीत साठवलं, ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. विषयाच्या ओळीत देवनागरी औषधालाही सापडणार नाही. ‘ल’च्या जागी दिसेल ४, के, एस, वाय, त्याला लागलेल्या ओकारासाठी ४, के, डब्ल्यू, एल. ईमेलचा पाया घातला तेव्हा शीर्षकात फक्त इंग्रजी अक्षरांची सोय होती. म्हणून आपली तीन बाइटांची प्रत्येक खूण, मग ते अक्षर असो की मात्रा, चार चिन्हांत बांधली जाते. ‘लोधीखेडा’च्या आठ खुणांची बत्तीस चिन्हं. हिंदी पाटीवरचा नुक्ता वेगळा टंकला, तर आणखी चार!

म्हणजे पत्रं थंडरबर्डच्या पोटात नसतातच. होम फोल्डरच्या एका लपलेल्या कोपऱ्यात ती साध्या मजकुराच्या रूपात पडलेली असतात. या साठवणीला एमबॉक्स म्हणतात आणि तिची रीत १९७०च्या दशकातल्या युनिक्सची आहे: एका फोल्डरची सगळी पत्रं एकाच फाइलीत, एकाखाली एक. ‘फ्रॉम’ आणि मोकळी जागा यांनी सुरू होणारी ओळ आली की नवं पत्र सुरू. मग मजकुरातलीच एखादी ओळ ‘फ्रॉम’ने सुरू झाली तर? तिच्या आधी ‘मोठे’चं चिन्ह ठोकून देतात. गबाळा उपाय आहे, पण अजून चालतो.

केमेल आणि एव्होल्यूशन हे दुसरे ईमेल प्रोग्राम सहसा मेलडिर नावाची साठवण वापरतात. तिथे प्रत्येक पत्राची वेगळी फाइल असते, आणि पत्र वाचलं की त्या फाइलीच्या नावाच्या शेवटी ‘एस’ जोडला जातो. पत्रं एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेताना साठवणीची रीत बदलते, मजकूर बदलत नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात लोधीखेडा गेलं, तरी तिथल्या जुन्या पत्रांखालच्या सहीत जिल्हा छिंदवाडाच राहतो, आणि ते योग्यच आहे.

खरी गंमत पुसलेल्या पत्रांची. थंडरबर्डमध्ये पत्र काढून टाकलं तरी ते फाइलीतून लगेच जात नाही. त्याच्या शीर्षकात फक्त ‘हे गेलं’ अशी खूण होते. फोल्डर कॉम्पॅक्ट होईपर्यंत पत्र जागच्या जागी असतं. एव्होल्यूशनला ही खूण वाचता येते. मट या आणखी एका ईमेल प्रोग्रामला येत नाही, त्यामुळे तीच फाइल मटमध्ये उघडली की जुनी भांडणं नि जाहिराती पुन्हा हजर! म्हणून हलवण्याआधी कॉम्पॅक्ट करून घ्यावं. ‘एमएसएफ’ शेपटीच्या फाइली नेऊ नयेत. त्या नुसत्या अनुक्रमणिका असतात आणि थंडरबर्ड त्या पुन्हा तयार करतो. थंडरबर्ड बंद करून मूळ फाइलींची प्रत काढावी, आयात करावी, दोन्हीकडच्या पत्रांची संख्या जुळवावी, आणि एखादं जुनं मराठी पत्र जोडलेल्या फोटोसकट उघडून पाहावं. मगच जुना फोल्डर काढावा.