फायबर होडीचा जुना रंग काढताना
कोकण किनाऱ्यावर लाकडी होड्यांच्या जोडीला फायबरच्या होड्या आता सर्रास दिसतात. रंग खरवडताना मात्र लाकडाची सवय इथे महागात पडते. फायबरवरचा जेलकोट, म्हणजे वरचा संरक्षक थर, जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. तो गेला की पाणी आत मुरते.

रंग उतरवणारे मिथिलीन क्लोराईडचे द्रावण जेलकोटही मऊ करते. फायबरसाठीच बनवलेले द्रावण घ्यावे, आधी कोपऱ्यात लावून पाहावे. ब्लो लॅम्प तर नकोच!

उरलेला रंग पाणी मारत ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावा. कोरडी धूळ घातक, कारण तळाच्या रंगात शेवाळ-शिंपले रोखणारी तांब्याची विषारी संयुगे असतात. जुन्या थरांत, २००८ पासून आंतरराष्ट्रीय कराराने बंदी असलेले ट्रायब्युटिल टिनही असू शकते. धूळ गाळणारा मास्क, चष्मा, हातमोजे हवेतच.

खाली ताडपत्री अंथरा आणि खरवड खाडीत जाऊ देऊ नका. तिथेच कालवे वाढतात.