बूच नाही म्हणून वाइन हलकी?

सुरतच्या पर्वत पाटियातून सापुतारामार्गे नाशिकला गेलेली आपली मंडळी गंगापूर धरणाजवळची सुला वायनरी बघून येतात आणि हमखास एक नाराजी सांगतात: बाटलीला बूचच नव्हतं, फिरवायचं झाकण होतं, म्हणजे माल हलका असणार. गुजरातेत दारूबंदी. परवान्याशिवाय बाटली घेऊन सीमा ओलांडणं हा गुन्हा. त्यामुळे वाइन आपल्याला दिसते ती सिनेमात, आणि तिथे बूच उडतंच. समज तिथूनच पक्का झालेला दिसतो, पण तो चुकीचा आहे.

बुचात कधीकधी बुरशीमुळे टीसीए नावाचं रसायन तयार होतं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात, वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. तब्येतीला अपाय नाही, पण द्राक्षाचा सुगंध मरतो. या दोषाला कंटाळून ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीच्या रिस्लिंग वाइनच्या उत्पादकांनी २००० साली एकत्र येऊन झाकण स्वीकारलं. त्यांची वाइन नावाजलेलीच होती. ग्लासात बुचाचा भुगा तरंगला की वाइन नासली, असंही लोक धरून चालतात. भुगा गाळून टाकावा. नासलेली वाइन नाकाला कळते.

झाकण बसवणं सोपं वाटतं, पण जवळून पाहावं. अॅल्युमिनियमची टोपी यंत्राखाली येते तेव्हा तिला आटेच नसतात, नुसती गुळगुळीत नळी असते. यंत्र वरून दाबतं, छोटी चाकं गळ्याभोवती फिरतात आणि काचेवरच्या आट्यांवर पत्रा दाबून बसवतात. म्हणजे प्रत्येक झाकणाचे आटे त्याच्याच बाटलीवर घडतात. हवा अडवतं ते टोपीच्या आतलं पातळ अस्तर.

बुचाची तऱ्हा वेगळी. साधारण २४ मिलिमीटर जाडीचं बूच, आणि गळा जेमतेम साडेअठराचा. यंत्राचे जबडे ते चहूबाजूंनी सोळाच्या आसपास आवळतात, दट्ट्या खाली ढकलतो, आणि बूच फुगून काचेला घट्ट बसतं. शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६६५ साली ज्यात पेशी पाहिल्या ते हेच बूच. त्या पेशींत हवा कोंडलेली असते, म्हणून ते दबतं आणि परत फुगतं. ‘वाइन बुचातून श्वास घेते’ हे वाक्यही जपून घ्यावं. चांगल्या बुचातून बाहेरची हवा फारच थोडी शिरते. सुरुवातीला वाइनला मिळणारा ऑक्सिजन बराचसा त्या दाबलेल्या पेशींतूनच येतो. बाटली आडवी ठेवतात ती बूच ओलं राहावं, सुकून आकसू नये म्हणून. झाकणाच्या बाटलीला ती गरज नाही. उन्हाळ्यात मोटारीत तापलेली बाटली मात्र दोन्ही प्रकारांत बिघडते.

बुचासाठी झाडं तोडतात, हाही गैरसमज. पोर्तुगालमध्ये ओकच्या एका जातीची साल सोलतात; पहिल्यांदा झाड पंचवीसेक वर्षांचं झाल्यावर, मग दर नऊ वर्षांनी. झाड उभंच राहतं. आपल्याकडचं पांढऱ्या सुवासिक फुलांचं बुचाचं झाड निराळं, त्याचा वाइनशी संबंध नाही.

राहिली फसफसणारी वाइन. नाशिककडेच दिंडोरीजवळ शांदों ही कंपनी ती बनवते. तिचं बूच छत्रीसारखं दिसतं, पण बसवताना ते सरळ दंडगोलच असतं. अर्धं गळ्यात दाबलं जातं, उरलेलं बाहेर राहतं. आत मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो, म्हणून वर तारेची जाळी. ते उडवणं ही रीत नव्हे, डोळ्याला इजा होऊ शकते. बाटली चांगली थंड करावी, तोंड माणसांपासून दूर धरावं, अंगठा बुचावर ठेवून तार सैल करावी आणि बूच धरून बाटली सावकाश फिरवावी.