तापमापकालाच ‘ताप’ येतो तेव्हा

मे महिन्यात नांदेडला दुपारचा पारा पुष्कळदा ४२ अंश सेल्सिअसच्या वर जातो. अशा दुपारी पत्र्याच्या घरात ठेवलेला ताप पाहण्याचा पाऱ्याचा थर्मामीटर हातात घ्या. कुणाच्याही तोंडात न घालता तो ४२ अंश ताप दाखवीत असेल! मग तो बिघडला काय? मुळीच नाही. कोणताही तापमापक प्रत्यक्षात स्वतःचेच तापमान दाखवीत असतो.

तापमापकाच्या टोकाला पाऱ्याने भरलेला छोटा फुगा असतो आणि त्यातून केसासारखी बारीक नळी निघते. तापमान १ अंशाने वाढले की पाऱ्याचे आकारमान सुमारे ५,५०० भागांत १ भाग इतकेच वाढते. ही इवलीशी वाढ डोळ्यांना दिसावी म्हणून नळी अतिशय बारीक ठेवतात. फुगा जिभेखाली धरला की शरीराची उष्णता पाऱ्याला मिळते. दोघांचे तापमान सारखे झाले की पारा थांबतो. थोडा वेळ वाट पाहावी लागते ती याचसाठी.

या थर्मामीटरवर साधारण ३५ ते ४२ अंशांच्याच खुणा असतात. फुग्याच्या वर नळी एके ठिकाणी मुद्दाम अरुंद केलेली असते. थर्मामीटर तोंडातून काढल्यावर फुग्यातील पारा आकसतो, पण वरचा पारा त्या जागी तुटून तसाच राहतो. त्यामुळे आकडा सावकाश वाचता येतो. नंतर झटकून पारा खाली आणायचा.

हवा शरीरापेक्षा थंड असेल तोवर ही युक्ती उत्तम चालते. पण हवाच ४३ अंश असेल तर? मग कितीही झटकले तरी पारा उतरत नाही, कारण फुग्यातील पाराच तापून फुगलेला असतो. शिवाय तोंडातून काढल्यावर तो आकसण्याऐवजी पुन्हा वर चढू लागतो. अरुंद नळी पाऱ्याला उतरताना अडवते, चढताना नव्हे.

उपाय सोपा आहे. थर्मामीटर माठातील पाण्यात बुडवून थंड करा, झटका, लगेच लावा आणि बाहेर काढताच आकडा वाचा. उकळत्या पाण्याने मात्र तो कधीच धुऊ नका, फुगा फुटेल. पारा विषारी आहे. म्हणूनच २०१३ च्या मिनामाता करारानंतर पाऱ्याचे थर्मामीटर मागे पडून डिजिटल आले. त्यांच्या टोकाशी पाऱ्याऐवजी थर्मिस्टर असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध कमी होतो. पण तोही सांगतो स्वतःचेच तापमान!

वेधशाळाही हाच नियम पाळते. उन्हात ठेवलेला तापमापक सूर्यकिरणांनी हवेपेक्षा अधिक तापतो. म्हणून तो जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपा असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतात. बालाघाटच्या पठारावरील लातूर आणि गोदाकाठचे नांदेड यांच्या आकड्यांची तुलना करता येते, ती दोन्हीकडे मोजण्याची रीत एकच असल्यामुळे.

उष्माघातात शरीर ४० अंशांच्याही पलीकडे तापते आणि तेव्हा प्रत्येक मिनिट मोलाचे असते. दिसणारा आकडा रोग्याचा की खोलीचा, हे तेव्हा ओळखता आलेच पाहिजे.