बिग बझार का बुडाले?

बिग बझार ही मुंबईच्या फ्यूचर समूहाची सवलतीच्या दरात माल विकणाऱ्या दुकानांची साखळी होती. किशोर बियाणी यांनी ती २००१ मध्ये सुरू केली. २६ जानेवारी २००६ रोजी जाहीर केलेल्या मोठ्या सवलतींमुळे दुकानांपुढे झुंबड उडाली आणि प्रजासत्ताक दिनाची खरेदी हा दरवर्षीचा प्रघात झाला.

अशा दुकानात प्रत्येक वस्तूवर नफा थोडा असतो. माल भराभर खपला, तरच भाडे, पगार आणि व्याज भागते. फ्यूचर समूहाचा विस्तार मोठ्या प्रमाणात कर्जावर उभा होता. मार्च २०२० च्या टाळेबंदीत विक्री आटली, देणी मात्र थांबली नाहीत.

ऑगस्ट २०२० मध्ये समूहाने आपला किरकोळ व्यापार २४,७१३ कोटी रुपयांना रिलायन्सला विकण्याचे ठरवले. समूहाच्या एका कंपनीत २०१९ मध्ये पैसे गुंतवणाऱ्या अॅमेझॉनने कराराकडे बोट दाखवून हरकत घेतली. सिंगापूरचा लवाद आणि भारतातील न्यायालये यांत व्यवहार अडकला. दरम्यान भाडे थकले; अनेक जागांचे भाडेकरार रिलायन्सकडे गेले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रिलायन्सने त्या दुकानांचा ताबा घ्यायला सुरुवात केली. एप्रिलमध्ये तारण असलेल्या धनकोंनी विक्रीची योजना फेटाळली.

बँक ऑफ इंडियाच्या अर्जावरून जुलै २०२२ मध्ये बिग बझार चालवणाऱ्या फ्यूचर रिटेल या कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. खरेदीदार न मिळाल्याने जुलै २०२४ मध्ये कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश निघाला. मुंबईतली साखळी असो की वाशिममधले किराणा दुकान, थोड्या नफ्यावर मोठे कर्ज पेलत नाही.