वॉशिंग मशीनमधून जळका वास येतोय?

आधी मशीन बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा, मगच प्लग काढा. धूर किंवा ठिणगी दिसली तर थेट मेन स्विच पाडा आणि मशीनला ओला हात लावू नका.

आता वास नीट ओळखा. रबर जळल्यासारखा असेल तर संशय बेल्टवर. चादरी, जीन्स कोंबून भरल्या की ड्रम अडतो, मोटर फिरत राहते आणि बेल्ट पुलीवर घसरून तापतो. मशीनखाली काळी भुकटी पडलेली दिसली, तर बेल्ट झिजलाय असं समजा.

सेमी-ऑटोमॅटिकमध्ये वास बहुधा ड्रायरकडून येतो. तिथे झाकणाला जोडलेली ब्रेकची तार असते. झाकण लावल्यावर ब्रेक पूर्ण सुटला नाही, तर मोटर ब्रेकशी झुंजत तापते.  अशा वेळी मेकॅनिकला ब्रेकच आधी बघायला सांगा.

प्लास्टिक जळल्यासारखा वास मात्र सर्वांत गंभीर. प्लगच्या पिना काळ्या पडल्यात का, सॉकेट वितळलंय का ते पाहा. फ्रंट लोडचा हीटर साधारण 2000 वॅटचा, म्हणजे जवळपास 9 अँपिअर करंट ओढणारा. त्याला 6 अँपिअरचं एक्स्टेन्शन बोर्ड लावणं म्हणजे आगीला आमंत्रण! 16 अँपिअरचं, अर्थिंग असलेलं स्वतंत्र सॉकेटच हवं.

आणि हो, खालून उंदीर शिरून वायरी कुरतडतात. तळाला जाळी बसवून घ्याच.