काचेच्या पेटीतला उकिरडा

नकाशावर पट्टी ठेवून बघा. बीड आणि मुंबई जवळपास एकाच अक्षांशावर, १९ अंशांच्या आसपास. मधलं अंतर मात्र सरळ रेषेत तीनशे किलोमीटरचं. त्यामुळे बीडमध्ये खाऱ्या पाण्याचे मासे पाळायचे तर समुद्र पिशवीतून आणावा लागतो. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे शंभर लिटरला साडेतीन किलो. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम कुठलं?

आता या टाकीत ठेवायचा ‘लाइव्ह रॉक’. नाव जिवंत, पण दगड मेलेल्या पोवळ्याचा. जिवंत असतात ते त्याच्या भोकाभोकांतले भाडेकरू: जिवाणू, किडे, स्पंज. प्रवासात त्यातले निम्मेशिम्मे मरतात, सडतात आणि अमोनिया सोडतात. म्हणून हा दगड थेट माशांत टाकत नाहीत. आधी वेगळ्या टबात, खाऱ्या पाण्यात, पंप लावून काही आठवडे मुरवतात. यालाच ‘क्युअरिंग’ म्हणतात. वास सडक्या अंड्यांचा. घरच्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

गेवराई-माजलगावच्या शेतकऱ्याला हे समजवावं लागणार नाही. कच्चं शेणखत पीक जाळतं, कुजलेलं पोसतं. कपाशीला युरिया टाकला की मातीतले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करतात. टबातही तेच चालतं, जिवाणू त्याच धंद्यातले. फरक एवढाच, की नायट्रेट कपाशीला पक्वान्न आणि टाकीत खरकटं. त्यावर शेवाळ माजतं, म्हणून क्युअरिंग अंधारात करतात.

खरा लबाड फॉस्फेट. तो दगडातच दडून बसतो. आज पाणी बदललं, चाचणीत शून्य. चार दिवसांनी पुन्हा हजर. त्यावर उतारा लोह ऑक्साइडच्या दाण्यांचा, म्हणजे जवळजवळ गंजच! आणि शून्यावर आणूनही चालत नाही. नायट्रेट-फॉस्फेट पार संपले की तपकिरी, चिकट डायनोफ्लॅजेलेट फोफावतात.

पाणी बदलायचं तेही आरओचं. मे महिन्यात गल्लीत टँकर आलेला असताना अर्धा टब गटारात ओतून बघा, शेजारी दिवाळीपर्यंत बोलणार नाहीत! त्यापेक्षा आधीच जुन्या टूथब्रशनं मेलेलं सगळं घासून काढावं. घाण कमी, पाणीही कमी.

बीडचा काळा दगड चालेल का? त्यावर लिंबू पिळा, बहुधा काहीच होणार नाही. पोवळ्याच्या दगडावर पिळा, बारीक बुडबुडे येतील, तो चुनखडीचा. पण हौसेपायी मालवणच्या समुद्रातून तुकडा उचलू नका. २००१ पासून पोवळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला.

आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत मात्र झिओलाइट नावाची खनिजं सापडतात. गोड्या पाण्यात त्यांतली काही अमोनिया शोषण्यात पटाईत. खाऱ्या पाण्यात घाला, तर सोडियम आधीच चढून सगळ्या जागा अडवतो, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकल्यासारखा. अमोनिया उभाच!