शासकीय तेल कंपनी आणि हवामान धोरण : नॉर्वेच्या इक्विनॉरचा अनुभव

प्रस्तावना :
खनिज तेल व नैसर्गिक वायू यांच्या ज्वलनातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड हे जागतिक तापमानवाढीचे एक प्रमुख कारण आहे. जगातील ज्ञात तेलसाठ्यांचा फार मोठा भाग खाजगी कंपन्यांच्या नव्हे, तर शासकीय मालकीच्या कंपन्यांच्या ताब्यात आहे. साहजिकच हवामान धोरणाचे यशापयश बऱ्याच अंशी या कंपन्यांच्या वर्तनावर अवलंबून राहते. येथे एक मूलभूत पेच निर्माण होतो. उत्सर्जनावर निर्बंध घालणारे शासन आणि तेलविक्रीच्या नफ्याचे धनी असणारे शासन एकच असते. हा पेच प्रत्यक्षात कसा हाताळला जातो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात नॉर्वेच्या इक्विनॉर (पूर्वीची स्टॅटऑइल) या कंपनीच्या आधारे केले आहे.

१. कंपनीची जडणघडण :
उत्तर समुद्रातील नॉर्वेच्या हद्दीत १९६९ मध्ये एकोफिस्क हे विशाल तेलक्षेत्र सापडले. त्यानंतर १९७२ मध्ये नॉर्वेच्या संसदेने स्टॅटऑइल ही संपूर्णपणे शासकीय कंपनी स्थापन केली. २००१ मध्ये तिचे काही समभाग खुल्या बाजारात विकण्यात आले. तथापि ६७ टक्के भागभांडवल आजही शासनाकडेच आहे. २०१८ मध्ये कंपनीने नावातील ‘ऑइल’ हा शब्द वगळून ‘इक्विनॉर’ हे नाव धारण केले.

नॉर्वेचे शासन या व्यवसायात तीन भूमिका बजावते. ते कंपनीचे मालक आहे, उत्खननाचे परवाने देणारे नियामक आहे आणि तेल कंपन्यांच्या नफ्यावर ७८ टक्क्यांपर्यंत कर आकारणारी सत्ताही आहे. हे उत्पन्न १९९० च्या कायद्याने निर्माण केलेल्या राष्ट्रीय निधीत जमा होते व त्यातून दरवर्षी मर्यादित रक्कम अर्थसंकल्पात वापरली जाते. म्हणजेच तेलाचे उत्पन्न आणि कल्याणकारी राज्य यांचे नाते अतूट आहे.

२. कार्बन कर आणि स्लाइपनर प्रकल्प :
नॉर्वेने १९९१ मध्ये कार्बन कर लागू केला. विशेष म्हणजे समुद्रातील तेल व वायू उत्पादन या करातून वगळण्यात आले नाही. त्याच सुमारास स्लाइपनर क्षेत्रातील वायूच्या उत्पादनाची तयारी सुरू होती. या वायूत सुमारे ९ टक्के कार्बन डायऑक्साइड होता, तर ग्राहकांना २.५ टक्क्यांपेक्षा कमी प्रमाण हवे होते. त्यामुळे तो वेगळा करणे व्यापाराच्या दृष्टीने अपरिहार्यच होते. प्रश्न होता तो वेगळ्या केलेल्या वायूचे काय करायचे, हा. तो हवेत सोडल्यास कर भरावा लागणार होता.

कंपनीने १९९६ पासून हा कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखालील ‘उत्सिरा’ या खाऱ्या पाण्याने भरलेल्या वालुकाश्माच्या थरात सोडण्यास प्रारंभ केला. दरवर्षी सुमारे १० लाख टन वायू साठवणारा हा व्यापारी प्रमाणावरील जगातील पहिला प्रकल्प ठरला. येथे शासनाने कंपनीला कोणतेही तंत्रज्ञान सुचवले नव्हते. प्रदूषणाला किंमत लावली गेली आणि त्या किमतीने कंपनीचा हिशेब बदलला.

३. मोंगस्टाडचा धडा :
याउलट अनुभव मोंगस्टाड येथील तेलशुद्धीकरण केंद्राच्या परिसरात आला. तेथील वायू-आधारित वीज व उष्णता प्रकल्पाच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड पकडण्याच्या योजनेला पंतप्रधान येन्स स्टोल्टनबर्ग यांनी २००७ च्या नववर्ष भाषणात देशाच्या ‘चांद्रमोहिमे’ची उपमा दिली होती. २०१२ मध्ये तेथे चाचणी केंद्र सुरू झाले; परंतु पूर्ण क्षमतेची योजना २०१३ मध्ये शासनाने सोडून दिली.

दोन्ही प्रकल्पांतील फरक बोधप्रद आहे. स्लाइपनरमध्ये वायू वेगळा करण्याचा खर्च व्यापारासाठी करावाच लागणार होता. अतिरिक्त खर्च केवळ साठवणुकीचा होता. मोंगस्टाडमध्ये मात्र धुरातून विरळ वायू वेगळा करणे हेच मुख्य व अत्यंत खर्चीक काम होते. राजकीय संकल्पाला आर्थिक हिशेबाचे पाठबळ मिळाले नाही, तर शासकीय कंपनीकडूनही तो तडीस जात नाही, हे येथे दिसून येते.

४. उत्पादनाचे आणि वापराचे उत्सर्जन :
तेल कंपनीच्या उत्सर्जनाचे दोन भाग पडतात. पहिला भाग तेल काढताना व शुद्ध करताना होणाऱ्या उत्सर्जनाचा, तर दुसरा ग्राहकाने इंधन जाळल्यावर होणाऱ्या उत्सर्जनाचा. एकूण उत्सर्जनात दुसऱ्या भागाचे प्रमाण कितीतरी अधिक असते.

पहिल्या भागात इक्विनॉरची कामगिरी उल्लेखनीय आहे. २०१९ मध्ये उत्पादन सुरू झालेल्या योहान स्वेरड्रुप क्षेत्राला किनाऱ्यावरून वीज पुरवली जाते आणि नॉर्वेची वीज प्रामुख्याने जलविद्युत आहे. २०२३ मध्ये पूर्ण झालेला ८८ मेगावॅट क्षमतेचा हायविंड टॅम्पेन हा तरंगता पवनविद्युत प्रकल्प पाच तेल-वायू प्लॅटफॉर्मना वीज देतो. २०२५ मध्ये इक्विनॉर, शेल व टोटलएनर्जीज यांच्या ‘नॉर्दर्न लाइट्स’ या संयुक्त प्रकल्पात ब्रेविक येथील सिमेंट कारखान्यातून आणलेला कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखाली सोडण्यास सुरुवात झाली.

तथापि प्लॅटफॉर्मवर जो वायू जाळला जात नाही, तो निर्यात होऊन अन्य देशांत जाळला जाऊ शकतो. आंतरराष्ट्रीय करारांच्या पद्धतीनुसार हे उत्सर्जन आयात करणाऱ्या देशाच्या खात्यात नोंदवले जाते. त्यामुळे नॉर्वेचे राष्ट्रीय लक्ष्य आणि नॉर्वेची तेलनिर्यात यांच्यात कागदोपत्री विसंगती उरत नाही.

५. मालक म्हणून शासनाची भूमिका :
२००७ मध्ये कंपनीने कॅनडातील तेलवाळूच्या व्यवसायात प्रवेश केला. पर्यावरणवादी भागधारकांनी माघारीचे ठराव मांडले. परंतु हा संचालक मंडळाचा व्यावसायिक निर्णय असल्याची भूमिका घेऊन शासनाने त्यांना पाठिंबा दिला नाही. पुढे २०१६ मध्ये कंपनीने हा व्यवसाय विकण्याचा करार केला.

बॅरेंट्स समुद्रातील परवान्यांविरुद्ध पर्यावरण संघटनांनी केलेला दावा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये फेटाळला. त्याच वर्षी कंपनीने २०५० पर्यंत वापराच्या उत्सर्जनासह निव्वळ शून्याचे ध्येय जाहीर केले. मात्र फेब्रुवारी २०२५ मध्ये २०३० साठीचे नवीकरणीय ऊर्जेचे लक्ष्य १२ ते १६ गिगावॅटवरून १० ते १२ गिगावॅटपर्यंत खाली आणण्यात आले. यावरून ध्येय दूरचे असले की ते जाहीर करणे सोपे जाते, पण गुंतवणुकीचा निर्णय नजीकच्या परताव्यावर ठरतो, असे म्हणता येईल.

६. भारतीय संदर्भ :
१९५६ मध्ये स्थापन झालेल्या तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचे (ओएनजीसी) बहुसंख्य समभाग केंद्र शासनाकडे आहेत. १९७४ मध्ये सापडलेले मुंबई हाय क्षेत्र आणि उरणचा प्रक्रिया प्रकल्प यांमुळे महाराष्ट्राचा या विषयाशी निकटचा संबंध येतो. महामंडळाने २०३८ पर्यंत निव्वळ शून्याचे लक्ष्य ठेवले आहे. परंतु ते स्वतःच्या कामकाजाच्या व त्यासाठी खरेदी केलेल्या ऊर्जेच्या उत्सर्जनापुरते आहे. नॉर्वे तेलाचा निर्यातदार, तर भारत गरजेच्या ८० टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करणारा देश आहे. त्यामुळे येथे जाळल्या जाणाऱ्या इंधनाचे उत्सर्जन भारताच्याच खात्यात जमा होते. २०२३ मध्ये भारताने कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. तथापि नॉर्वेसारखा समुद्रातील उत्पादनावरील कार्बन कर भारतात नाही.

निष्कर्ष :
१) शासकीय मालकीमुळे तेल कंपनी आपोआप हवामान धोरणाला अनुकूल होत नाही, मालक शासनालाही नफा हवा असतो.
२) शासन नियामक म्हणून उत्सर्जनाला निश्चित किंमत लावते, तेव्हा कंपनीचे वर्तन बदलते.
३) हा बदल प्रामुख्याने उत्पादनाच्या उत्सर्जनापुरता राहतो. किती तेल काढायचे, हा प्रश्न करप्रणालीने सुटत नाही. तो अखेर शासनाच्या परवाना धोरणाचा प्रश्न आहे.
४) म्हणून शासकीय तेल कंपनीच्या निव्वळ शून्याच्या घोषणेचे मूल्यमापन करताना त्यात कोणते उत्सर्जन समाविष्ट आहे, हे प्रथम तपासणे आवश्यक ठरते.